सहावा आवाज

पाच पट्ट्या वाजल्या आणि सहावी मुकी राहिली. पुन्हा पाच वाजल्या, पुन्हा सहावी मुकी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माळ्यावरून खाली काढलेला माझा जुना सिंथेसायझर असा अडखळत बोलू लागला, तेव्हा प्रथम मला हसू आले आणि मग जरा वाईटही वाटले. एकच पट्टी बिघडली असती तर गोष्ट सोपी होती. इथे पट्टी कुठलीही दाबा, दर सहाव्या वेळी वाद्य गप्प. त्याच्या पोटात सहा आवाज आहेत आणि ते पाळीपाळीने गातात. पहिली पट्टी दाबली की पहिला उठतो, दुसरीला दुसरा. सहा जणांच्या भजनी मंडळात एकाचा घसा बसावा, पण त्याची पाळी मात्र कोणी चुकवू नये, तसे ते चालले होते.

वाद्य खाली काढायला निमित्त झाला आमच्या सोसायटीतला एक तरुण. वय तेवीस-चोवीस. संगणकावर संगीत करतो, जाहिरातींची कामे घेतो. एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, ‘‘काका, तुमच्याकडे जुना सिंथ आहे म्हणे. बघायला मिळेल?’’

मी चकित झालो. हा मुलगा जन्मला त्याच्या दहा वर्षे आधी मी ते वाद्य जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकले होते.

‘‘तुझ्या संगणकात असले सगळे आवाज असतात ना रे?’’ मी विचारले.

‘‘असतात की. जगातला बहुतेक प्रत्येक जुना सिंथ आहे माझ्याकडे. पण पडद्यावर!’’

त्याच्या त्या ‘पण’मध्ये काय आहे, हे कळून घेण्यात माझे पुढचे काही महिने गेले. जगभरचे वादक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या या जड, हट्टी आणि दुरुस्तीला महाग पडणाऱ्या पेट्यांच्या मागे का लागले आहेत? म्हाताऱ्यांचा स्मरणरंजनाचा छंद म्हणावे, तर मागणाऱ्यांत निम्मे या मुलाच्या वयाचे. ज्यांनी तो काळ पाहिलाच नाही, त्यांना त्याची आठवण कुठून येणार?

पाटल्या आणि डबा

आधी माझी बाजू सांगतो. १९८६ साली मी पुण्यात एका बँकेत कारकून होतो आणि संध्याकाळी एका वाद्यवृंदात पेटी वाजवीत असे. गणेशोत्सवात दहा रात्री दहा मंडळे. एक दिवस मालक म्हणाले, ‘‘पेटी पुरे झाली, आता कॅसिओ आणा.’’ त्या काळी आमच्याकडे कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणत. आखातातून परतलेले एक गृहस्थ आपला जपानी सिंथेसायझर विकत होते. किंमत अठरा हजार. माझा पगार दीड हजार. घरात दुसरे काही नव्हते म्हणून पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. ‘‘वर्षभरात सोडवतो,’’ मी म्हणालो होतो. वर्षाची दोन झाली, मुलाची शाळा आली, आईचे आजारपण आले, आणि पाटल्या सोडवायच्या राहूनच गेल्या.

पाचच वर्षांत मालकांचा सूर बदलला. ‘‘हा डबा बंद करा. नव्या कीबोर्डात बासरी खऱ्या बासरीसारखी वाजते, व्हायोलिनांचा ताफा वाजतो. तुमच्यात काय आहे? नुसता घूंऽऽ!’’ मी गिऱ्हाईक शोधले. चार हजारांनाही कोणी घेईना. विकला गेला नाही, एवढ्याच कारणाने तो वाचला. पुढे मी वाद्यवृंद सोडला आणि बँकेतून निवृत्त झालो. माळ्याकडे नजर गेली की हिच्या मोकळ्या मनगटांकडेही जाई. ती कधी काही बोलली नाही.

‘नागिन’ची बीन

आपल्याकडे हा ‘घूंऽऽ’ पोचला तो सिनेमातून. १९५४ सालच्या ‘नागिन’मधली बीन ज्यांना ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. लग्नाच्या वरातीत आजही बँडवाले ती वाजवतात आणि कोणीतरी रुमाल दातांत धरून नाचतोच. ती बीन गारुड्याची नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी, यांनी ती क्लेव्हिओलिनवर वाजवली होती. कॉन्स्तां मार्तां या फ्रेंच माणसाने १९४७ साली काढलेले हे व्हॉल्व्हवर चालणारे छोटे वाद्य. एका वेळी एकच सूर निघे. पण त्या एका सुराने देशभर नाग डोलवले.

पुढची उडी अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी मारली. १९६४ साली त्यांनी आपला सिंथेसायझर दाखवला, तेव्हा तो कपाटाएवढा होता आणि टेलिफोन एक्स्चेंजसारख्या तारा खुपसून चालवावा लागे. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाखचे संगीत वाजवून ध्वनिमुद्रिका काढली आणि हे यंत्र प्रयोगशाळेतून घराघरांत पोचले. असे एक कपाट आपल्याकडेही आले होते. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते उभे करून दिले. गीता साराभाईंसह अनेकांनी त्यावर प्रयोग केले. त्या फिती पुढे पन्नासेक वर्षे कपाटात पडून राहिल्या आणि त्यांतले निवडक ध्वनी २०२३ साली प्रसिद्ध झाले.

कपाटाची पेटी झाली १९७० साली. तिचे नाव मिनीमूग. ४४ पट्ट्या, सूर एका वेळी एकच, स्मरणशक्ती शून्य. १९८१ पर्यंत बारा हजारांच्या आसपास नग निघाले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही पेटी आणणाऱ्यांत केरसी लॉर्ड यांचे नाव पहिले घ्यावे लागते. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुर्जोर दोघेही तालवाद्यांतले मोठे वादक. केरसींनी अ‍ॅकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत सगळ्यावर हात चालवला.

जवारी

या जुन्या यंत्रांचा आवाज कसा होतो, हे आपल्या माणसाला समजावायला तंबोऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. मूग पद्धतीच्या वाद्यात प्रथम एक भरघोस, खरखरीत लहर तयार होते. तिचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. तिच्यात मूळ सुराबरोबर वरचे असंख्य स्वर दडलेले असतात. मग फिल्टर नावाचा भाग वरचे नको असलेले स्वर छाटतो. मूर्तिकार दगडातून मूर्ती काढतो तसा या कल्लोळातून आवाज कोरून काढायचा. फिल्टरचे बटण हळूहळू फिरवले की आवाज मिटतो आणि उमलतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवल्यावर जवारी उघडते, त्याची आठवण व्हावी असा तो अनुभव असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मिनीमूगमध्ये लहर उत्पन्न करणारे तीन भाग आहेत. तिघांना एका सुरात लावले तरी ते तंतोतंत एका सुरात राहत नाहीत. आतले सुटे भाग तापतात, खोलीचे तापमान बदलते आणि सूर किंचित ढळतो. अभियंत्यांच्या लेखी हा दोष. पण जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात लागल्या की त्यांच्यात जी मंद आंदोलने होतात, त्यांनीच तंबोरा जिवंत वाटतो. या वाद्यांचे तेच. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी सोयीची आहे, प्रवासात तिच्यासारखी सोबत नाही, तरी मैफलीत गवयाच्या मागे मिरजेच्या कारागिराने केलेले भोपळेच का दिसतात, हे ज्याला कळते त्याला या जुन्या पेट्यांचे वेड निम्मे कळले.

तिसरी गोष्ट मिंडेची. आमच्या पेटीवर सर्वांत मोठा आरोप हाच, की तिच्यातून मिंड निघत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले ते १९७१ पर्यंत, त्यामागे हेच मुख्य कारण होते. आणि पहा, मिनीमूगच्या डाव्या हाताला एक चाक आहे. ते पुढेमागे केले की सूर घसरत जातो, आंदोलतो, परत जागेवर येतो. परदेशात बनलेल्या त्या पेटीला जे जमले ते पेटीवाल्यांच्या साऱ्या पिढ्यांचे स्वप्न होते. पहिल्यांदा त्या चाकासारख्या दांडीवर बोट ठेवून मी कोमल गंधार हलवला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

यशस्वी वाद्य आणि फसलेली वाद्ये

मग १९८३ साल उजाडले आणि यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या पद्धतीवर चालणारे हे वाद्य पूर्णपणे अंकांवर चालत होते. सोळा सूर एकत्र, सूर ढळण्याचा प्रश्न नाही, वजन कमी, घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो तर काचेसारखे स्वच्छ. दीड लाखांहून अधिक नग खपले. त्याच सुमारास मिडी ही सर्व कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी पद्धत आली. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांचा तिच्यात मोठा वाटा होता आणि २०१३ साली दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

डीएक्स-७ हे वाईट वाद्य नव्हे. पण त्याच्या पाटीवर फिरवायची बटणे जवळजवळ उरली नव्हती. नवा आवाज करायचा तर एका छोट्या पडद्यावरच्या आकड्यांशी झुंजावे लागे. बहुतेकांनी ती झुंज घेतलीच नाही. कारखान्यातून आलेलेच आवाज त्यांनी वाजवले. म्हणून त्या दशकातली कितीतरी गाणी ऐकताना वाटते, की वादक बदलला तरी वाद्य तेच, आणि बोटही जणू तेच.

इकडे जुनी यंत्रे कवडीमोल झाली. त्यातच रोलँडच्या दोन फसलेल्या पेट्या होत्या. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० ते १९८३ या काळात निघाले, सुमारे बारा हजार. खऱ्या ढोलांसारखा त्याचा आवाज नाही म्हणून लोकांनी नाके मुरडली. त्याच्या खास आवाजासाठी काकेहाशींनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. पुढे कारखाने सुधारले, तसे सदोष माल मिळेना आणि ते यंत्र बंद पडले! दुसरी पेटी टीबी-३०३, १९८१ची. बास गिटारवाल्याच्या जागी ती उभी राहील अशी कल्पना होती. तिला ते जमले नाही. १९८४ मध्ये तीही बंद झाली.

जुन्या मालाच्या दुकानात पडलेल्या या पेट्या शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी उचलल्या, कारण परवडत होते तेवढेच. त्यांनी टीबी-३०३ची बटणे वाटेल तशी पिरगाळली आणि १९८७ साली ‘फ्यूचर’ या त्रयीच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ने नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच उभा केला. टीआर-८०८चा ठोका तर हिप-हॉपचा पाया होऊन बसला.

पण याआधी पाच वर्षे मुंबईत एक गोष्ट घडून गेली होती. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षे वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. याच दोन पेट्या आणि जोडीला ज्युपिटर-८. भैरवी, ललित, तोडी, मालकंस... राग नेहमीचे. टीबी-३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती आणि चरणजितांच्या भारतीय कानाला त्यात मिंड दिसली. तबकडी पडली. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा शिकागोच्या आधी हे कोणी केले म्हणून जग चकित झाले. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली असण्याचे काही कारण नाही. दोन टोकांना दोघांनी एकाच यंत्राच्या त्याच उणिवेतून वाट काढली, इतकेच. सत्तरी ओलांडलेले चरणजित मग युरोपात जाऊन ते राग वाजवून आले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

माझी परीक्षा

एवढे सगळे मी त्या तरुणाला उत्साहाने सांगितले. तो हसून म्हणाला, ‘‘काका, परीक्षा देता?’’ त्याने माझ्या पेटीवर एक आवाज लावला, संगणकावर तोच उतरवला, मला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि दहा वेळा वाजवून दाखवले. कुठला खरा, कुठला संगणकाचा? सहा उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी पाच आलीच असती.

मी खट्टू झालो. एवढे तंबोऱ्याचे दाखले दिले आणि कानाने दगा दिला! मग हवे कशाला हे धूड? पण तो मुलगा खट्टू नव्हता. म्हणाला, ‘‘ऐकणाऱ्याला कळत नाही, हे मला ठाऊक आहे. करणाऱ्याला कळतं.’’

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला नुसते पाहत राहिलो. संगणकावर तो यादी उघडे. आवाज हजारो. एक ऐकला, नको. दुसरा, नको. अर्धा तास गेला तरी तो निवडतोच आहे. माझ्या पेटीसमोर बसला की यादी नाही. आतली बॅटरी केव्हाच संपलेली, त्यामुळे आठवणीत ठेवलेले सगळे आवाज पुसले गेलेले. बंद केली की ती काल काय वाजवले ते विसरे. मग रोज शून्यातून सुरुवात. एक बटण सरकवायचे, ऐकायचे. जरा मागे घ्यायचे, पुन्हा ऐकायचे. दहा मिनिटांत त्याचा कान असा काही एकाग्र होई, की मी चहा ठेवून गेलो तरी पत्ता नसे.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर मिळाले. जुनी पेटी तुमच्यासाठी काही लक्षात ठेवत नाही आणि एका जागी स्थिरही राहत नाही. म्हणून वादकाला सतत ऐकावे लागते. मैफलीपूर्वी गवई तंबोरा लावत बसतो तेव्हा तारांबरोबर त्याचा स्वतःचा कानही लागत असतो. नव्या यंत्रांनी ही लावणी वाचवली, वेळ वाचवला, आणि त्याबरोबर ते ऐकणेही वाचवून टाकले. तरुणांना परत हवे आहे ते हेच असावे.

कंपन्यांनाही हे उमगलेले दिसते. मूग कंपनीने मिनीमूग २०१६ साली आणि पुन्हा २०२२ साली बनवला. डेव्ह स्मिथ यांच्या १९७८ सालच्या प्रॉफेट-५ची नवी आवृत्ती २०२० साली निघाली. तिच्यावर ‘व्हिंटेज’ नावाचे एक बटण आहे. ते फिरवले की पाचही आवाज एकमेकांपासून जरा जरा ढळू लागतात. ज्या दोषापायी अभियंत्यांनी रात्री जागवल्या, त्याच दोषासाठी आता वेगळे बटण!

या प्रेमाची किंमतही सांगितली पाहिजे. ही वाद्ये जड आहेत, कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत आतून गंजतात, सुटे भाग मिळत नाहीत. आणि शौकिनांनी किमती अशा चढवून ठेवल्या आहेत, की शिकागोच्या त्या गरीब मुलांना आज त्यांची टीबी-३०३ घेता आली नसती. काचेच्या कपाटात बंद झालेल्या वाद्याला कोण वाजवणार?

बारा आण्यांचा सौदा

मुका आवाज जागा करायला आम्ही तपकीर गल्लीत गेलो. तिथे रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक मिस्त्री आहेत. पेटी उघडून म्हणाले, ‘‘चिप मेली नाही साहेब, गुदमरलीय. वर जो राळेसारखा लेप आहे ना, तो जुना होऊन घात करतो.’’ चिप सुटी करून त्यांनी अ‍ॅसिटोनच्या बरणीत टाकली. नखांवरचा रंग पुसायच्या बाटलीला जो वास येतो, तोच. तीन दिवसांनी लेप मऊ पडला, चिमट्याने सोलून निघाला. चिप परत बसवली. पाच वाजले आणि सहावा बोलला.

ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण मुंबईच्या एका संग्राहकाचा फोन आला. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. अठरा हजारांच्या कितीतरी पट. रात्री जेवताना मी हिला म्हणालो, ‘‘तुझ्या पाटल्या येतील. आजच्या सोन्याच्या भावाने पूर्ण नाही, पण बारा आणे तरी येतील.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘पाटल्या गेल्या त्याचं मला वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते तुम्ही तो माळ्यावर टाकलात तेव्हा. पुन्हा माळ्यावरच जाणार असेल तर उद्याच विका. वाजणार असेल तर राहू दे.’’

पस्तीस वर्षांत हे मी तिला विचारलेच नव्हते.

पेटी आता बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ असते. मुलगा रविवारी सकाळी येतो, कधी मित्रांना घेऊन. मी पेटीवाल्याच्या सवयीने भूप वाजवतो, ते त्यावर काय काय रचतात. जागा झालेला सहावा आवाज बाकीच्या पाचांसारखा अगदी नाही. त्याचा फिल्टर जरा आधी उघडतो, त्यामुळे दर सहावा सूर किंचित उजळ लागतो. मिस्त्री म्हणाले होते, आणून द्या, जुळवून देतो.

मी पेटी बांधायला घेतली तर मुलाने हात धरला. ‘‘राहू द्या ना काका,’’ म्हणाला, ‘‘त्याच्यावरच तर चाल बांधलीय.’’